मिसाईल चुकवणारं विमान कसं बनवायचं: सिम्पलप्लेन्समध्ये नवीन असणाऱ्यांसाठी

सिम्पलप्लेन्स या गेममधलं माझं पहिलं "मिसाईलप्रूफ" विमान म्हणजे चार जेट इंजिनं, मध्ये एक कॉकपिट आणि नावाला दोन पंख. डोक्यात हिशोब एकदम सोपा होता, मिसाईल जोरात येतं ना, मग आपण त्याच्याहून जोरात पळायचं, विषय संपला. पहिलं मिसाईल सुटलं, मी थ्रॉटल पूर्ण दाबून सरळ पळालो, आणि पंधरा-वीस सेकंदांत माझं एक इंजिन समुद्रात, दुसरं डोंगरावर आणि कॉकपिट एकटंच हवेत गटांगळ्या खात चाललेलं. मग पाच इंजिनं लावली. मग सहा. निकाल तोच, फक्त तुकडे जास्त.

मी निफाड तालुक्यातला. ओझरचा एचएएलचा कारखाना जवळच, सुखोई ३० एमकेआय तिथेच जोडली जायची, त्यामुळे शाळेत असताना डोक्यावरून सुखोई गेली की सगळा वर्ग खिडकीकडे. पण ते विमान आवडायचं ते स्पीडसाठी नाही, ते ज्या पद्धतीने जागच्या जागी वळल्यासारखं वाटायचं त्यासाठी. गेममध्ये मात्र हे माझ्या डोक्यात यायला दोन महिने लागले. तुमचे दोन महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

गेम माहीत नसेल तर थोडक्यात. सिम्पलप्लेन्स हा जुंड्रू नावाच्या छोट्या कंपनीचा गेम, २०१४ पासून मोबाईलवर आहे, नंतर पीसीवरही आला. ब्लॉक, पंख, इंजिन, चाकं जोडून स्वतःचं विमान बनवायचं आणि उडवायचं. विमानाला तयार "हँडलिंग ७, स्पीड ९" असले आकडे नसतात, पंख कुठे लावला, वजन कुठे आहे यावरून गेम उडताना हिशोब करतो. म्हणून प्रयोग करायला मजा येते, आणि म्हणूनच पहिली दहा विमानं रनवेवरच उलटतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आधी मिसाईलचं डोकं समजून घ्या

डिझाईन स्क्रीन उघडायच्या आधी हे पाच मिनिटं वाचा, पुढचं सगळं यावरच आहे.

मिसाईल तुमच्या मागे लागत नाही, ते तुमच्या पुढे जाऊन थांबायला बघतं. बाउंड्रीवरचा चांगला फिल्डर उंच उडालेल्या बॉलकडे पळत नाही, बॉल जिथे पडणार तिथे पळतो, तसं. बहुतेक खऱ्या मिसाईलांचं तत्त्वही हेच, लक्ष्याची दिशा स्वतःच्या नजरेत हलू द्यायची नाही, हलली की तेवढं वळायचं. म्हणून तुम्ही सरळ उडत राहिलात, मग कितीही जोरात असो, त्याचं काम सोपं, एकदा पॉइंट ठरला की तिकडे सरळ जायचं.

आता खो-खो आठवा. पाठलाग करणारा पोरगा पळणाऱ्यापेक्षा जोरातच असतो, पण त्याने एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत उलटं फिरता येत नाही. चांगला पळणारा काय करतो? लांबून पळत सुटत नाही. जवळ येऊ देतो, हात लागायला वीतभर उरलं की हूल देतो आणि तो बिचारा वेगात पुढे निघून जातो. मिसाईलला खो-खोचा नियम लागू नाही, पण फिजिक्सचा आहे, आणि तो नियम पंचापेक्षा कडक.

आकडे देतो म्हणजे पटेल. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले बाजूचा प्रवेग. तुमचं विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने जातंय आणि ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर) खेचतंय असं धरा, तर त्रिज्या येते साधारण ७०० मीटर. मिसाईल सेकंदाला ९०० मीटरने येतंय आणि ३० जी खेचतंय, तरी त्याची त्रिज्या पावणेतीन किलोमीटर! त्याला तुमच्याइतकंच आखूड वळायचं असेल तर तुमच्या तेरापट जी लागेल, कारण वेग साडेतीनपटीहून जास्त आणि त्याचा वर्ग. अर्थात त्याला तुमचा गोल गिरवायचा नसतो, फक्त तुम्हाला गाठायचं असतं, त्यामुळे इतकं लागत नाही, पण कल्पना आली ना? त्याचा वेग हीच त्याची अडचण. आणि मी चार इंजिनं लावून त्याच्यासारखाच बनायला निघालो होतो.

दुसरी गोष्ट, खऱ्या मिसाईलची मोटर थोडेच सेकंद जळते, नंतर ते फेकलेल्या दगडासारखं नुसतं वेगावर येत असतं. प्रत्येक वळणाला त्याचा वेग कमी होतो आणि परत भरून निघत नाही. तुमचं इंजिन मात्र चालूच असतं. म्हणजे त्याला लांबून दोन-तीन वेळा इकडे-तिकडे वळायला लावलं की शेवटच्या हुलीला ते दमलेलं असतं.

पायरी १: आधी मैदान ठरवा, मग विमान

नवीन लोक इथेच चुकतात. विमान बनवतात, मिसाईलसमोर नेतात, एकदा वाचले की "झालं, जमलं", एकदा मेले की सगळं मोडून नवीन. असं केलं तर कधीच कळत नाही की वाचलो ते पंखामुळे की नशिबाने.

गेममध्ये जमिनीवरून सुटणारी मिसाईलं चुकवायचं चॅलेंज आहे, सुरुवात तिथून करा कारण तिथे परिस्थिती दर वेळी साधारण सारखीच मिळते. नंतर सँडबॉक्समध्ये, म्हणजे मोकळ्या खेळात, या. तिथे एआयचं विमान बोलावता येतं, तुम्ही स्वतः बनवून सेव्ह केलेलं सुद्धा. मी एक साधं, स्थिर, कंटाळवाणं विमान बनवलं, त्याला हवेतून हवेत मारायची मिसाईलं लावली आणि त्याला आक्रमक करून माझ्या मागे सोडलं. त्याचं नाव ठेवलंय "मास्तर". मास्तरमध्ये कधीच बदल करायचा नाही! परीक्षा घेणाराच रोज बदलला तर मार्कांना काय अर्थ.

एक वही घ्या, किंवा मोबाईलमधलं नोट्स. प्रत्येक डिझाईनला दहा उड्डाणं, सुरुवातीची उंची आणि वेग सारखा, इंधन सारखं. किती वेळा वाचलो, कुठून मिसाईल आलं (समोरून, बाजूने, मागून) आणि मेलो तर का, एवढंच लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. हे बोअरिंग आहे, मान्य, पण मी वही नसताना एक चांगलं डिझाईन ओव्हरराईट करून घालवलंय, ते परत तसं बनलंच नाही.

आणि अजून एक, पहिली दहा उड्डाणं गेममधल्याच एखाद्या तयार विमानाने करा. त्याचा स्कोअर हा तुमचा शून्य. माझ्या पहिल्या तीन "भारी" डिझाईनचा स्कोअर तयार विमानापेक्षा कमी आला होता.

पायरी २: लाल, निळा, पिवळा गोळा

डिझाईन स्क्रीनवर तीन गोळे चालू करता येतात. लाल म्हणजे वजनाचा मध्य, निळा म्हणजे लिफ्टचा (पंखांच्या उचलीचा) मध्य, पिवळा म्हणजे इंजिनाच्या जोराचा मध्य. अर्धं विमान या तीन गोळ्यांत आहे.

निळा लालच्या मागे हवा. किती मागे, हा खरा प्रश्न. खूप मागे ठेवला की विमान बाणासारखं सरळ जातं, एकदम सेफ, पण नाक वर खेचायला जीव काढावा लागतो, म्हणजे मिसाईलसाठी तयार नाश्ता. निळा लालच्या अगदी जवळ आणला की विमान चपळ होतं, हात लावला की वळतं. आणि निळा लालच्या पुढे गेला की खेळ खल्लास, नाक वर गेलं की जातच राहतं, विमान मागच्या मागे कोलांटी मारतं आणि पानासारखं खाली येतं.

खरी फायटर विमानं मुद्दाम या अस्थिर टोकाकडे नेलेली असतात, आपलं तेजस घ्या ना, मागची आडवी शेपूट नाही, नुसता डेल्टा पंख, आणि ते सरळ उडवायचं काम कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा दुरुस्त्या करून करतो. आपल्याकडे तो कॉम्प्युटर नाही (आहे, पण त्याबद्दल पुढे). त्यामुळे सुरुवातीला निळा लालच्या मागे थोडासा, आणि मग दर वेळी पंख एक घर पुढे सरकवत जा. प्रत्येक घराला एक उड्डाण. ज्या घराला विमान कोलांटी मारेल तिथून दोन घरं मागे या. ही माझी पद्धत, शास्त्रीय वगैरे नाही, पण चालते.

इंधन जळलं की लाल गोळा सरकतो हे लक्षात ठेवा. मी पूर्ण टाकीवर बॅलन्स केलेलं विमान अर्ध्या टाकीला लट्टूसारखं फिरायचं आणि मी आठवडाभर शेपटीला शिव्या देत होतो. टाकी लाल गोळ्याच्या आसपासच ठेवा, आणि बॅलन्स बघताना इंधन भरलेलं आणि रिकामं, दोन्ही करून बघा. तसंही या कामाला फार इंधन लागत नाही, अर्धीच भरा, वजन वाचतं.

पिवळा गोळा लालच्या सरळ रेषेत ठेवा, वर-खाली नको. नाहीतर थ्रॉटल वाढवला की नाक आपोआप वर किंवा खाली जायला लागतं आणि ऐन हुलीच्या वेळी ते कळतही नाही.

पायरी ३: पंख

डिझाईन स्क्रीनवर विमानाची माहिती दिसते त्यात विंग लोडिंग म्हणून एक आकडा असतो. एकूण वजन भागिले पंखांचं क्षेत्रफळ. हा आकडा जेवढा कमी तेवढं विमान आखूड वळतं. माझ्या त्या चार इंजिनवाल्याचा हा आकडा इतका मोठा होता की ते विमान नव्हतंच, विटेला कॉकपिट लावलेलं.

मग नवीन माणूस काय करतो, ढीगभर पंख लावतो. मीही लावले. वळतं भारी, पण हवेचा विरोध वाढतो, एका वळणात सगळा वेग जातो आणि दुसरं मिसाईल आलं की तुम्ही हवेत लोंबकळताय. पहिलं चुकवणं सोपं आहे हो. दुसरं मारतं. त्यामुळे विंग लोडिंगच्या शेजारी ड्रॅग पॉइंट्स नावाचा हवेच्या विरोधाचा आकडा पण बघत चला, दोघांची सांगड हवी.

सुरुवातीसाठी रुंद, आखूड, डेल्टासारखा पंख घ्या. लांब निमुळता पंख ग्लायडरला छान, पण रोल व्हायला, म्हणजे एका पंखावर कलायला, वेळ लावतो. आणि रोल का महत्त्वाचा, तर विमान जोरात वळतं ते फक्त नाकाच्या वरच्या दिशेने, बाजूला नाही. म्हणजे मिसाईल उजवीकडून आलं तर आधी तिकडे आडवं व्हायचं आणि मग स्टिक खेचायची. आडवं व्हायलाच तुम्हाला एक सेकंद लागत असेल तर पुढचं खेचणं कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. मी आज कुठलंही नवीन डिझाईन आधी रोलला तपासतो, पूर्ण गिरकीला एक सेकंदाच्या आसपास लागला तर पुढे, नाहीतर परत टेबलावर.

एअरफॉइलचे, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणाऱ्या आकाराचे, प्रकार निवडता येतात, त्यात सिमेट्रिक घ्या, म्हणजे वरून-खालून सारखा. सपाट तळाचा पंख टेकऑफला मदत करतो, पण उलटं उडताना तोच पंख तुमच्या विरुद्ध काम करतो, आणि या धंद्यात निम्मा वेळ तुम्ही उलटेच असता.

पंखावर टॅप करून कंट्रोल सर्फेस लावता येतात, म्हणजे ते हलणारे तुकडे. पिचसाठी (नाक वर-खाली करायला) मागे, रोलसाठी पंखाच्या टोकाजवळ. त्यांचा कोन वाढवता येतो, पण एकदम कमाल करू नका, जास्त कोनात विमान वळण्याऐवजी नुसतं आडवं होऊन घसरत जातं. सुखोईला नाकाजवळ छोटे पंख आहेत ना, कॅनार्ड, ते गेममध्ये पण लावून बघा. शेपूट नाक वर करण्यासाठी मागचा भाग खाली दाबते, म्हणजे थोडी लिफ्ट वाया जाते, कॅनार्ड पुढचा भाग वर उचलतो, म्हणून वळण जरा जिवंत वाटतं. फक्त कॅनार्ड लावला की निळा गोळा पुढे येतो! मुख्य पंख मागे घ्यायला विसरू नका, नाहीतर परत पायरी २.

पायरी ४: इंजिन, पण बेताने

पॉवर-वेट रेशो, म्हणजे वजनाच्या मानाने इंजिनाचा जोर, हा तिसरा आकडा. इंजिन हवंच, पण पळायला नाही, वळणात गेलेला वेग परत कमवायला. एक चांगलं जेट इंजिन छोट्या विमानाला पुरतं, दोन असली तर चैन. जेटला पुरेसा एअर इनटेक (हवा आत घ्यायचं तोंड) लागतो हे विसरू नका, नाहीतर इंजिन मोठं आणि जोर सायकलच्या डायनामोएवढा.

मजा करायची असेल तर इंजिन रोटेटरवर (फिरणाऱ्या सांध्यावर) बसवा आणि रोटेटरला पिच द्या. झालं तुमचं थ्रस्ट व्हेक्टरिंग, सुखोई ३० एमकेआयचं इंजिनाचं तोंड हलतं त्याचा गरीब भाऊ. कोन १० ते १५ अंश पुरे. फायदा असा की विमान अगदी हळू असताना, जेव्हा पंखांना हवाच पुरत नाही, तेव्हाही नाक वळतं. पण नाक वळणं म्हणजे विमानाचा रस्ता वळणं नाही! व्हिडिओत भारी दिसतं, नाक आकाशाकडे आणि विमान मात्र पहिल्याच दिशेने घसरत चाललंय, आणि मिसाईलला तुमचं नाक कुठे आहे याच्याशी काही घेणंदेणं नाही. माझ्या वहीप्रमाणे थ्रस्ट व्हेक्टरिंग लावून स्कोअर दहात एकनेच वाढला, आणि तो एक पण कदाचित नशीब.

विमान छोटं ठेवा. हे मी आधीच सांगायला हवं होतं. मिसाईल पाच मीटरवरून गेलं तर छोटं विमान वाचतं आणि मोठ्याचा पंख जातो. सगळी हत्यारं काढून टाका, चुकवायचा प्रयोग आहे, लढाई नाही.

पायरी ५: हूल

आता उडवायचं. या भागावर जास्त वेळ द्या, कारण खरं सांगायचं तर बरं डिझाईन आणि चांगली हूल हे भारी डिझाईन आणि वाईट हुलीपेक्षा कधीही चांगलं.

सुरुवात मिसाईलला बाजूला ठेवण्यापासून. वॉर्निंग वाजली की त्याच्याकडे पाठ करू नका, तोंडही नको, ते तुमच्या पंखाच्या टोकाच्या दिशेला दिसेल असं वळा. असं त्याच्या रस्त्याला आडवं उडताना त्याला सतत तुमच्या पुढचा पॉइंट गाठावा लागतो, म्हणजे ते वाकतच येतं. खऱ्या पायलटांना याचं रडारशी संबंधित अजून एक कारण असतं पण आपल्याला त्यातलं भूमितीचं तेवढं पुरे.

मग वाट बघा. हेच सगळ्यात अवघड आहे राव, बोटं शिवशिवतात. परत आकडे घेऊ: ९ जीने खेचलं तर तुम्ही पहिल्या अर्ध्या सेकंदात जेमतेम ११ मीटर सरकता, एका सेकंदात ४४, दोन सेकंदांत १७५ च्या आसपास. म्हणजे मिसाईल अर्ध्या सेकंदावर असताना खेचलं तर तुम्ही जवळजवळ तिथेच आहात, धडाम. आणि सहा सेकंद आधी खेचलं तर त्याला आरामात रस्ता बदलायला वेळ मिळतो. मधली एक-दोन सेकंदांची खिडकी, तीच. सेकंदाला ९०० मीटर वेगाचं मिसाईल त्या वेळी एक ते दीड-दोन किलोमीटरवर असतं, स्क्रीनवर अजून बारीक ठिपका, म्हणून डोळ्याला वाटतं की अजून वेळ आहे. नसतो.

खेचायचं कुठल्या बाजूला? मिसाईलच्या दिशेने. उलट वाटतं पण तेच बरोबर. त्याच्यापासून लांब वळलात तर त्याला थोडंसंच वळावं लागतं, त्याच्याकडे वळलात तर त्याला तोंड जोरात फिरवावं लागतं, आणि त्या पावणेतीन किलोमीटरच्या त्रिज्येत ते बसत नाही. खो-खोतला पळणारा पण पाठलाग करणाऱ्याच्या अंगावर गेल्यासारखं करूनच निसटतो ना.

सरावासाठी स्लो मोशन वापरा, लाज वाटून घेऊ नका. आधी स्लोमध्ये दहा वेळा, मग नॉर्मल. आणि कॅमेरा फिरवून मिसाईलकडे बघत उडवायची सवय लावा, सगळे नवीन लोक स्वतःच्या विमानाकडे बघत बसतात आणि मग "अचानक आलं" म्हणतात.

ही काही गेममधली ट्रिक नाही बरं का. व्हिएतनाम युद्धात सोव्हिएत एस-७५ मिसाईलं होती, साडेदहा मीटरच्या वर लांब, अमेरिकन पायलट त्यांना उडते टेलिफोनचे खांब म्हणायचे. त्यांनी शोधलेला उपाय हाच, मिसाईल दिसलं की त्याच्याकडे खाली सूर मारायचा, ते खाली वळलं की ऐनवेळी जोरात वर खेचायचं, एवढ्या जड खांबाला ते वळण जमायचं नाही. लवकर दिसलं तर. ढगातून आलं की अवघड व्हायचं. आणि १९ जानेवारी १९९१ ला बगदादवर एका एफ-१६ च्या पायलटने एकामागोमाग सहा मिसाईलं चुकवली, त्याचा कॉकपिटमधला व्हिडिओ ऐकलात तर श्वासाचा आवाज ऐकूनच घाम फुटतो. बाकी सगळं सोडा, प्रत्येक हुलीनंतर पुढच्या हुलीपुरता वेग त्याने शिल्लक ठेवला, मला त्यातून हेच शिकायचं वाटलं.

म्हणून नियम: हूल झाली की लगेच स्टिक सोडा, नाक थोडं खाली, थ्रॉटल पूर्ण, वेग परत कमवा. मी हूल जमल्याच्या आनंदात स्टिक धरूनच ठेवायचो, गोल गोल फिरत, आणि दुसरं मिसाईल आरामात यायचं.

उंचीबद्दल. उंची म्हणजे बँकेतला पैसा, खाली सूर मारला की वेग मिळतो. पण फार उंच हवा विरळ, तिथे पंखांना पकड मिळत नाही. आणि अगदी जमिनीलगत उडून डोंगराआड जाणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय, मिसाईल डोंगरावर आपटतं. फक्त तुम्ही आधी आपटू नका. चॅलेंजमध्ये मी हे करून पास झालो, पण वहीत ते "वाचलो" म्हणून धरलं नाही, कारण त्यात विमानाचं कौतुक काही नाही, डोंगराचं आहे.

पायरी ६: फ्लेअर आणि चॅफ

काउंटरमेजर डिस्पेन्सर लावता येतो. लावा, पण शेवटी. आधीपासून लावला की हूल शिकायची राहूनच जाते. फ्लेअर म्हणजे गरम दिवा, उष्णता बघून येणाऱ्या मिसाईलला फसवायला, चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तारांचा ढग, रडारला फसवायला. चॅफ जुनं आहे, जुलै १९४३ मध्ये ब्रिटिशांनी हॅम्बुर्गवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टाकल्या आणि जर्मन रडारचे पडदे भरून गेले. आणि भारतीय हवाई दलासाठी जे नवीन चॅफ आलं ते डीआरडीओच्या जोधपूरच्या लॅबने पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्याच लॅबसोबत बनवलं, २०२१ मध्ये बातमी होती, पुणेकरांना उगाच अजून एक विषय.

वापरताना एकच सांगतो. सोडून सरळ उडत राहू नका. सोडा आणि वळा. मिसाईल ढगाकडे बघत असताना तुम्ही त्याच्या नजरेतून बाहेर पडायला हवं, नाहीतर ढग विरला की समोर परत तुम्हीच.

चीटिंग करायची का?

गेममध्ये पार्टच्या आतल्या किमती बदलता येतात, वजन शून्याजवळ न्या, ड्रॅगचा हिशोबच बंद करा, जायरोस्कोप लावून विमान भिंगरीसारखं फिरवा. मी केलंय. दहापैकी दहा वेळा वाचलो आणि अर्ध्या तासात गेम बंद करून झोपलो. ज्याला व्हिडिओ बनवायचाय त्याने करावं, पण शिकायचं असेल तर निदान पहिला महिना नको.

याला एक अपवाद, फंकी ट्रीज. हे म्हणजे कंट्रोलच्या खान्यात साधं "पिच" लिहिण्याऐवजी छोटं सूत्र लिहायची सोय, आणि हाच तो कॉम्प्युटर ज्याच्याबद्दल वर म्हणालो. वेग, उंची, जी, अँगल ऑफ अटॅक (समोरच्या हवेशी पंखाचा कोन) असे चालू आकडे सूत्रात घेता येतात. पहिलं सूत्र हे करा: वेग वाढेल तसं एलिव्हेटर (पिचचा हलणारा तुकडा) कमी हलावं. म्हणजे पिचला एका अपूर्णांकाने गुणायचं, वर ठरलेला वेग, खाली चालू वेग, आणि क्लॅम्प लावून तो अपूर्णांक पाव ते एकच्या मध्ये अडकवायचा. इथे वेग मीटर प्रति सेकंद धरला जातो, मी ताशी किलोमीटर समजून ७०० लिहिलं होतं आणि काहीच फरक पडत नव्हता. हे जमलं की निळा गोळा लालच्या अजून जवळ नेता येतो, कारण जोरात असताना विमान हातातून निसटत नाही आणि हळू असताना पूर्ण ताकद मिळते. माझा स्कोअर सगळ्यात जास्त वाढला तो यामुळे, दहापैकी चारवरून सातवर, नवीन इंजिनामुळे नाही.

अडलात तर

विमान खेचल्यावर एका बाजूला कलंडतं: डावं-उजवं सारखं नाहीये, मिरर करून परत बघा, बहुतेक वेळा एका बाजूचा एखादा छोटा ब्लॉक राहिलेला असतो. पंख फडफडतात किंवा डुगडुगतात: लांबी कमी करा, किंवा पंखाचं मूळ जाड ब्लॉकला जोडा. नाक वर-खाली नाचत राहतं: कंट्रोल सर्फेस गरजेपेक्षा मोठे आहेत. शेपूट बाजूला घसरते: उभी शेपूट वाढवा, डेल्टावाले हे हमखास विसरतात. रनवेवरून उठतच नाही: मागची चाकं लाल गोळ्याच्या फार मागे आहेत, थोडी पुढे घ्या, नाक उचलायला जागा मिळते.

सध्या माझं चालू विमान डेल्टा, छोटा कॅनार्ड, एक इंजिन, अर्धी टाकी. बाजूने आलेलं मिसाईल जवळजवळ दर वेळी चुकतं. मागून आलेलं अजून मारतं, कारण ते दिसायलाच उशीर होतो आणि माझी हूल अर्धा सेकंद मागे पडते. या आठवड्यात मास्तरला फक्त मागूनच सोडणार आहे, बाकी काहीच बदलणार नाही, वहीचं नवीन पान काढून ठेवलंय.